विसाव्याचा ओटा

माती अडवून धरणाऱ्या भिंतीच्या पायथ्याशी भोकं का ठेवतात हे मला त्या वयात ठाऊक नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला ठाऊक होतं. ज्या माणसानं ती भोकं ठेवली होती, त्यानंच मला ते समजावून सांगितलं होतं, आणि तो माझा बाप होता. आधीची प्रकरणं लिहिताना हात अडला नाही. हे मात्र चारदा सुरू केलं आणि चारदा फाडलं. प्रत्येक वेळी पहिल्या पानावरच मी माझ्या बाजूनं काहीतरी बोलायला लागायचो. म्हणून या वेळी आधी गुन्हा लिहिला, आता बाकीचं लिहितो.

आम्ही तेव्हा सुरतेत, बमरोलीत राहत होतो. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, आणि भिंतीला भिंत लागून संच्यांचं, म्हणजे यंत्रमागांचं, खातं. संच्यांची खटखट दिवसरात्र चालायची. तिच्यामुळं आमच्या घरात कुणी हळू बोलायचंच नाही. माय मीठ मागायची तेही भांडण काढल्यासारखं. आठवड्यात एक दिवस संचे बंद असायचे. त्या दिवशी सगळी चाळ दचकल्यासारखी असायची आणि आपलाच आवाज आपल्याला मोठा वाटायचा. चाळीतले झाडून सगळे पुरुष खात्यात जायचे. आमचे आबा तेवढे गवंडी. अमळनेराकडच्या आमच्या गावात त्यांच्या बापानं आणि आजानं विहिरी बांधल्या, देवळांच्या कमानी उचलल्या, सगळं चुन्यात. सुरतेत आल्यावर आबांच्या वाट्याला आला तो खात्यांचा सिमेंटचा गिलावा. सकाळी थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून निघायचे, संध्याकाळी भुवयांवर सिमेंट घेऊन यायचे. माय दारातच तांब्या द्यायची. दादर ज्वारीची भाकरी, तुरीची घट्ट डाळ, वर कच्चं तेल आणि ठेचा. आबा जेवताना भाकरी मोडून आधी तिची कड बघायचे. "कड नीट आली पाहिजे. कड बिघडली की सगळं बिघडलं," म्हणायचे. हे ते भाकरीबद्दल बोलतात की भिंतीबद्दल, हे आम्हाला कधी कळलं नाही.

मी घरातला पहिला शिकणारा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सिव्हिलला. टी-स्क्वेअर खांद्याला लावून चाळीतून निघालो की शेजारची इमलबाई ओरडायची, "सरका वं, सायब चालना!" मला ते आवडायचं, हे आज कबूल करायला हवं. आबांच्या कामाची मला लाज वाटत होती असं नाही. लाज वाटायला निदान ते काम आहे असं तरी मानावं लागतं. मला वाटायचं, आबा जे करतात ते म्हणजे हातानं केलेला अंदाज, आणि मी शिकतोय ते खरं.

कडोदऱ्याच्या पुढं, हमरस्ता सोडून उसाच्या शेतांतून आत गेलं की एक गाव होतं. त्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावात जुनं, लहानसं ख्रिस्ती देऊळ, आणि देवळाला लागून कबरस्तान. कधी काळी कुणा गोऱ्या पाद्र्यानं आपल्या मुलखातल्या गावासारखं बांधून घेतलेलं. कबरस्तानाची देखभाल शमुएलमास्तर करायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, उंच, सायकलवरून उतरताना दोनदा लंगडी घालणारे. रस्त्याकडच्या भिंतीला पोट आलं होतं. दोन सिमेंटवाले येऊन पाडायचा सल्ला देऊन गेले होते. मास्तरांना ती पाडायची नव्हती. चुना जाणणारा मिस्त्री शोधत शोधत ते आमच्या चाळीपर्यंत आले आणि माझ्याच खाटेवर बसून माझ्यासमोर आबांना म्हणाले, "नथुभाई, तुमच्या हाताला हे काम ओळखता येईल असं मला कुणी सांगितलं."

त्या वाक्यानं आबांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. कॉलेजात एका जुन्या बांधकामाचं माप घेऊन चित्र काढायचं होतं आणि मला हे आयतं सापडलं होतं. कबरस्तानाची ती वेस मी आजही डोळे मिटून काढू शकतो. वेस म्हणजे भिंतीत बसवलेलं नुसतं दार नव्हतं, ते लहानसं घरच होतं. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे जाड खांब, त्यांच्यावर विटांची बसकी कमान, कमानीवर दुपाखी छप्पर आणि कौलं. आत शिरलं की दोन्हीकडं बसायचे दगडी बाक, आणि मधोमध कमरेएवढा उंच, माणसाएवढा लांब, अरुंद ओटा. त्याच्या दोन्ही अंगांनी जायची वाट. लाकडी फाटकाला साखळी, आणि साखळीच्या टोकाला एक गोल दगड लोंबकळत असायचा. फाटक उघडलं की दगड वर जायचा, सोडलं की आपल्या वजनानं खाली येत फाटक लावून घ्यायचा. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. मास्तर ते दाखवताना लहान मुलासारखे तीनदा आतबाहेर झाले.

"आणि हा ओटा कशाला?" मी विचारलं.

"पेटी आणतात ना गावातून, ती आधी इथं टेकवायची. पाळकसाहेब आतून येणार, इथंच पहिली प्रार्थना करणार. तोवर उचलणारे बाकावर बसतील. मग आत."

आबा ओट्यावर हात फिरवत होते. त्याच्या कडा दोन ठिकाणी गुळगुळीत झिजल्या होत्या. ते म्हणाले, "म्हणजे आमच्यातला विसावा." मास्तरांना कळेना तेव्हा त्यांनी समजावलं, की आमच्याकडं तिरडी घेऊन निघालं की अर्ध्या वाटेवर खाली ठेवतात, पुढचे मागं होतात, मागचे पुढं, आणि मग उचलतात.

मास्तर हसले. "मेलेल्याला पण थाक लागतो का, नथुभाई?"

"मेलेल्याला नाही, मास्तर. उचलणाऱ्याला."

मग आबा भिंतीकडं वळले. बाहेरून ती पुरुषभर उंच. आत गेलं तर कबरस्तानाची जमीन माझ्या कमरेएवढी वर आलेली. पिढ्यान् पिढ्या माणसं पुरून जमीन चढत गेली होती, आणि ती सगळी माती ही एक भिंत पोटाशी धरून उभी होती. खाली काळा दगड, वर वीट, माथ्यावर पाणी निथळावं म्हणून माशाच्या पाठीसारखा गोलवा. आबा पायथ्याशी उकिडवे बसले, गवत उपटलं, गाळ खरवडला, आणि एक भोक मोकळं केलं. मग दुसरं. सगळी बुजलेली होती. "हाई कुंपन नही, पोर्‍या, हाई धरन शे," ते मला म्हणाले. "मांगे पानी तुंबस, ते भितले ढकलस. पानीले वाट लागस. तू नही दिधी ते ते सोता करी लेस." पाण्याला वाट लागते, तू दिली नाहीस तर ते स्वतः करून घेतं. इतकं सोपं. वर्गात हेच मला पुढच्या सत्रात इंग्रजीतून शिकवणार होते.

उन्हाळाभर ते काम चाललं. आबांनी वेशीच्या दोन्ही हातांची पोट आलेली भिंत थोडी थोडी उतरवली, प्रत्येक दगडाला खडूनं खूण केली, आणि तोच दगड त्याच जागी परत बसवला. घरात मायला दुसरंच काम लागलं. चुन्यात घालायला बेलफळाचं पाणी लागतं, गूळ लागतो. माय पत्र्याच्या डब्यात बेलफळं फोडून भिजवायची आणि चाळभर त्यांचा आंबूस वास सुटायचा. इमलबाई नाक धरून यायची. "का वं, भितले जेवाले वाढस का तू?" माय म्हणायची, "तुना नवऱ्यापेक्षा भिंत बरी. खाईसन उभी तरी ऱ्हास." इमलबाईचा नवरा पिऊन पडायचा, त्यावर हे उत्तर. दोघी हसून हसून खाली बसायच्या.

आबा त्या दिवसांत वेगळेच झाले होते. एरवी घरी आले की गप्प. आता जेवताना बोलायचे. चुना कसा भिजला, मास्तरांच्या बायकोनं बशीतून चहा कसा दिला, आपल्या तोंडाला लावलेला कप तिनं वेगळा ठेवला नाही हे दोनदा. आणि एक गोष्ट ते रोज सांगायचे: भिंत झाली की वेशीची कमान. कमानीच्या विटा सुटल्या होत्या, ती उतरवून पुन्हा उचलायची होती. भिंत पावसाळ्यात टिकली की दिवाळीनंतर कमानीचं काम त्यांनाच, असं मंडळीच्या कमिटीनं ठरवलं होतं. सुरतेत आल्यापासून आबांनी एकही कमान बांधली नव्हती. भाताचं ताट बाजूला सारून ते बोटांनी जमिनीवर कमान काढून दाखवायचे, मधला चावीचा दगड शेवटी कसा बसतो, तो बसला की खालचा आधार काढताना छातीत कसं होतं. "एकदाव अजून उचलनी शे," एवढंच म्हणायचे.

भिंतीत त्यांनी नवी भोकं ठेवली, दगडाच्या पहिल्या थराच्या वर, हातभर अंतरानं. ओल्या चुन्यात ज्वारीच्या ताटाचा धांडा फडकं गुंडाळून घालायचे, चुना धरू लागला की फिरवून काढून घ्यायचे. मागं विटांचे तुकडे आणि गोटे भरायचे, म्हणजे माती धुवून येऊ नये. वेशीच्या डाव्या हाताला अकरा भोकं होती. उजव्या हाताची मी कधी मोजली नाहीत. डावीकडची मोजली, कारण ती मी बंद केली.

कारण सांगतो. ते ऐकून कुणाला हसू येईल. माझ्या चित्रात ती भोकं नव्हती. मी माप घेतलं तेव्हा जुनी भोकं गाळात होती, म्हणून चित्रात भिंत स्वच्छ, एकसंध आली. सरांना चित्र फार आवडलं. कॉलेजच्या प्रदर्शनात लावायचं ठरलं, शेजारी वेशीचा आणि दुरुस्त झालेल्या डाव्या भिंतीचा फोटो. आणि नव्या भिंतीला भोकं होती, भोकांखाली चुन्याच्या पाण्याचे पांढरे ओघळ, जणू भिंतीनं अकरा ठिकाणी लाळ गाळली होती. चित्र आणि फोटो जुळत नव्हते. सर विचारणार, तू भोकं काढली नाहीस का? मी चित्र बदलू शकलो असतो. एका दुपारचं काम होतं. पण शाईनं पूर्ण झालेल्या त्या देखण्या चित्राला हात लावण्यापेक्षा मला भिंत बदलणं सोपं वाटलं.

आबा तेव्हा भाचीच्या लग्नाला गावी गेले होते. चुन्याची भिंत ओली ठेवावी लागते. गोणपाटं टाकून दिवसातून तीनदा पाणी मारायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. निघताना म्हणाले, "लेकरासारखी सांभाळ." उंबऱ्यासाठी आणलेल्या सिमेंटची अर्धी गोणी वेशीत पडली होती. दुपारी मास्तर जेवायला घरी गेले तेव्हा मी सिमेंट कालवलं, अकराही भोकांत बोटभर आत दाबलं, वरून चुना सारवला आणि ओघळ पुसून काढले. तासाभराचं काम. शेवटी दूर जाऊन पाहिलं, आणि मला खरोखर आनंद झाला. भिंत माझ्या चित्रासारखी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी मित्राचा कॅमेरा आणून फोटो काढला. फोटो झाला की भोकं मोकळी करायची, हे मी ठरवलं होतं. हे मी माझ्या बाजूनं बोलत नाही. ठरवलं होतं म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे. सिमेंट धरलं होतं. छिन्नीनं फोडायचं तर सारवलेला चुना खराब होणार, आबा आल्यावर दिसणार, विचारणार. मग परीक्षा आली. मग वाटलं, भिंत इतकी जाड, काय होतंय. आबांचा गावचा मुक्काम लांबला, आत्या आजारी पडली होती. आणि पाऊस लागला.

पहिल्या सरींचं काही नव्हतं, माती तहानलेली असते, पिऊन घेते. पुढं तीन दिवस सलग लागला. ते तीन दिवस मी बमरोलीच्या खोलीत खाटेवर बसून काढले. पत्र्यावर पाऊस, भिंतीपलीकडं संचे, आणि माझ्या डोक्यात फक्त ती माती, वरून पाणी पिणारी, फुगणारी, वाट शोधणारी. पहिल्या दिवशी बस चालू होत्या. कडोदऱ्याला उतरून चालत गेलो असतो तर छिन्नी-हातोड्यानं अर्ध्या दिवसात अकराही भोकं उघडली असती. मास्तर दिसले असते तर त्यांनी विचारलं असतं, काय करतोयस दीकरा, आणि मला सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मायनं शेवभाजी केली होती, मला आवडते म्हणून. ताट पुढं करत म्हणाली, "आबानी भितले काही व्हनार नही ना रे इतला पानीमा?" मी म्हणालो, "काय होतंय." आणि जेवलो. भोकं बंद करण्याची चूक एका उथळ पोराची होती, तिला मी आज कदाचित माफ करीन. त्या तीन दिवसांना नाही.

आबा चौथ्या दिवशी सकाळी गावाहून उतरले आणि पिशवी न सोडता म्हणाले, "चाल, भिंत दखी येऊत." आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. वेशीच्या डाव्या हाताला भिंत नव्हती. तिच्या जागी मातीची जीभ रस्त्यावर आली होती. दगड, विटा, दोन लाकडी क्रूस, आणि चाफ्याचं एक झाड मुळांसकट आडवं. मंडळीतली दहाबारा माणसं उभी होती. शमुएलमास्तर गुडघ्यांवर बसून हातांनी चिखल बाजूला करत होते. त्यांच्या आईची कबर भिंतीलगत होती. ती अर्धी खाली आली होती. आबांनी पिशवी खाली ठेवली, डोक्याचं उपरणं सोडलं आणि मास्तरांच्या शेजारी चिखलात बसले. दोघांनी मिळून जे गोळा करायचं ते त्या उपरण्यात गोळा केलं. मी ते पाहिलं नाही. मी वेशीतल्या बाकाकडं तोंड करून उभा होतो.

नंतर आबा दगडांमधून फिरू लागले. एक दगड उचलला, उलटा केला, त्याला चिकटलेल्या चुन्यातल्या भोकात मागून बोट घातलं. बोट पहिल्या पेरालाच अडलं. त्यांनी अंगठ्यानं वरचा चुना खरवडला. खाली सिमेंट होतं, करडं. आबांनी त्या भिंतीत चिमूटभरही सिमेंट घातलं नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं सांगता येणार नाही. त्या नजरेत राग असता तर मी ते सगळं मागंच विसरून गेलो असतो. ते नुसते माझी ओळख पटवत होते. मग त्यांनी तो दगड पालथा घालून चिखलात दाबला, पायानं.

कमिटीतले एक गृहस्थ पुढं आले. "आ शुं थयुं, नथुभाई? तुम्ही तर म्हणाला होतात शंभर वर्षं हलणार नाही."

आबा म्हणाले, "मारी भूल छे. मागची भरणी कच्ची राहिली."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. माझं तोंड उघडं होतं, हे मला आठवतं. शब्द तोंडापर्यंत आले होते असं मी पुढं पुष्कळदा स्वतःला सांगितलं. खरं तर तोंडात काहीच नव्हतं.

परत येताना बसमध्ये आबा खिडकीशी बसले. घरी आल्यावर बाहेरच्या नळावर अंघोळ केली, उपरणं मास्तरांकडंच राहिलं होतं, मायनं विचारलं तर म्हणाले, "कामाले उनं," कामाला आलं. त्या दिवशीही नाही, नंतर कधीही नाही, त्यांनी मला त्या सिमेंटबद्दल विचारलं नाही. मी वाट बघत होतो. आज विचारतील, उद्या विचारतील. मारतील तर बरं होईल. ते पुन्हा खात्यांच्या गिलाव्याला जाऊ लागले. जेवताना बोलणं बंद झालं. भाकरीची कड बघणंही. डब्यात उरलेल्या चांगल्या बेलफळांचं मायनं एकदा सरबत केलं. "चाला, आते भितनं जेवन आपुनच पिऊत," असं म्हणत तिनं सगळ्यांना पेले दिले. कुणी ते संपवलं नाही.

माझ्या चित्राला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. शेजारच्या फोटोतली भिंत तोवर नव्हती.

हे इथं संपलं असतं तरी पुरे होतं. पण दिवाळीनंतर शमुएलमास्तर पुन्हा आमच्या चाळीत आले. कमिटीनं वेस काढून टाकायचं ठरवलं होतं. कमान धोक्याची, जुन्या पद्धतीवर आता भरवसा नाही, गाडी आत गेली पाहिजे. ठेकेदार ठरला होता. मास्तरांना वाटलं नथुभाईंचा मुलगा शिकलेला आहे, नकाशा त्यानं काढला तर त्या घरात निदान काहीतरी जाईल. ते माझ्यावर उपकार करायला आले होते. खाटेवर तिथंच बसले, जिथं पहिल्यांदा बसले होते, आणि आबांच्या नजरेला नजर देत नव्हते. मी आबांकडं पाहिलं. नको म्हणाले असते तर मी सुटलो असतो.

"काढ," आबा म्हणाले. "फक्त विसावा ठेवजो."

मी काढला. दोन काँक्रीटचे खांब, वर सपाट स्लॅब, लोखंडी फाटक. ओटा मी मध्ये न ठेवता एका बाजूला घेतला होता. ठेकेदार ट्रेसिंगवर बोट ठेवून म्हणाला, "भाई, आ शुं? हा ओटा इथं राहिला तर टेम्पो वळणार कुठून?" त्या काळी ट्रेसिंग पेपरवरची शाई पुसता येत नसे, अर्ध्या ब्लेडनं खरवडून काढावी लागे. मी त्याच्यासमोर बसून ओटा खरवडला. कागदावर पांढरट, लवदार ठिपका राहिला. तो ओझरता हात लागला तरी कळायचा. ती माझी पहिली बांधली गेलेली इमारत. पुढं मी असे शेकडो नकाशे काढले, त्यावर घर चालवलं, मुली शिकवल्या. आबा ती नवी वेस बघायला कधी गेले नाहीत. विसावा ठेवला का, हेही विचारलं नाही. त्यांना ठाऊक असावं.

आबा गेले तेव्हा आम्ही त्यांना बमरोलीहून घेऊन निघालो. अर्ध्या वाटेवर, नाल्याच्या पुलापाशी, चाळीतल्या म्हाताऱ्यांनी हात वर केला आणि तिरडी खाली ठेवली. पुढचे मागं झाले. मी वाकलो तेव्हा त्यांच्या हाताची बोटं दिसली, चुन्यानं फार पूर्वी खाल्लेली, टोकं गुळगुळीत. विसाव्याला थोडंसं थांबायचं असतं. मी वाजवीपेक्षा जास्त थांबलो. कुणीतरी म्हणालं, "चाल आते."

शमुएलमास्तर मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या मुलाचा, विजयचा, निरोप आला. गावात टेम्पो होता पण मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, मला खांद्यावर न्या. म्हणून पेटी घरापासून खांद्यावर निघाली. मी एका कोपऱ्याला होतो, माझ्या पुढं विजय. पाऊस भुरभुरत होता. वेशीपाशी येताच पुढचे दोघं न सांगता थांबले. इतक्या वर्षांनीही त्या गावाच्या पायांना ती जागा ठाऊक होती. पण टेकवायला काही नव्हतं. माझ्या स्लॅबखाली आम्ही सहाजण पेटी घेऊन उभे राहिलो, कारण पाळकसाहेब आले होते, पुस्तक उघडलं होतं, आणि पहिली प्रार्थना वेशीतच करायची असते. ती लांब असते, हे मला त्या दिवशी कळलं. जुन्या वेशीत मी कधी प्रार्थनेला थांबलो नव्हतो.

उजव्या हाताला आबांची भिंत होती. फोटोच्या चौकटीत न आलेली, म्हणून मी हात न लावलेली. ती जागची हलली नव्हती. माथ्याचा गोलवा शेवाळानं हिरवा झाला होता, आणि पायथ्याशी, हातभर अंतरानं, एकेका भोकातून पाणी बाहेर येत होतं. बारीक, स्वच्छ, न थांबणारं. डाव्या हाताला पुढं ठेकेदारानं बांधलेली सिमेंटची भिंत. कुणीही दोन्हींकडं नीट पाहिलं असतं तर त्याला सगळं वाचता आलं असतं. इतकी वर्षं ते तिथं उघड्यावर लिहिलेलं होतं.

माझा खांदा भरून आला. प्रार्थना चालूच होती. मी पुढं वाकून विजयच्या कानाशी म्हणालो, "ती डावीकडची भिंत माझ्या वडिलांमुळं पडली नव्हती. ती मी पाडली."

त्यानं मान थोडी मागं वळवली. पाऊस आणि पाळकसाहेबांचा आवाज, त्याला नीट ऐकू गेलं नसावं. त्याला वाटलं मी थकलो.

"काका, खांदा बदलू का?" त्यानं विचारलं.

"नको," मी म्हणालो.